प्रादेशिक विमान कंपनीत पायलट व्हायचंय? विदर्भातल्या गावांतून येणारे प्रश्न

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, घरी सहा एकर कोरडवाहू. गेली काही वर्षं मी एटीआर ७२ हे विमान उडवते. पोळ्याला किंवा दिवाळीला गावी गेले, की अंगणात कुणी ना कुणी येऊन बसतं. हातात मुलाची बारावीची मार्कशीट असते, कधी एखाद्या एजंटानं दिलेलं रंगीत पत्रक. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चुकलं तर अख्खं घर खाली बसतं.

प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे नेमकं काय?

छोट्या शहरांना मोठ्या शहरांशी जोडणारी, साधारण ९ ते ८० आसनांची विमानं उडवणारी कंपनी. अलायन्स एअर, स्टार एअर, फ्लाय९१, इंडियावन एअर ही नावं तुम्ही ऐकली असतील. इंडिगोसारख्या मोठ्या कंपनीकडेही छोट्या गावांसाठी एटीआर विमानांचा वेगळा ताफा आहे.

या सगळ्याला जोर आला तो ‘उडान’ योजनेमुळे. योजना २०१६ मध्ये आली आणि पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमला ते दिल्ली झालं. काही आसनांचं भाडं सरकार बांधून देतं आणि त्यातून कंपनीला येणारी तूट ठरावीक काळ, साधारण तीन वर्षं, भरून देतं. तो काळ संपला की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. नोकरीचा विचार करताना हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याकडे परत यायचं आहे.

आपल्याकडे गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. अमरावतीच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ ला मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर उतरलं. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी अपुरी आहे, यवतमाळला धावपट्टी असून नियमित विमान नाही. म्हणजे पायलट व्हायची इच्छा विदर्भात भरपूर, पण रोजची विमानं मोजकीच.

एटीआर म्हणजे ते पंख्याचं विमान ना? ते जुनं असतं का?

नाही. पंखे दिसतात म्हणून लोकांना तसं वाटतं. पंखा फिरवणारं इंजिन आतून जेटसारखंच टर्बाइनचं असतं. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेग आणि आखूड धावपट्टीवर उतरायची ताकद यामुळे तीनशे-चारशे किलोमीटरच्या अंतराला ते जेटपेक्षा कितीतरी कमी इंधनात जातं. बेलोऱ्यासारख्या धावपट्टीसाठी हेच विमान योग्य.

शिक्षण किती लागतं? माझी बारावी बायोलॉजीतून झाली आहे.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. गणित नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेवढा विषय देता येतो, बऱ्याच मुलांनी तसं केलं आहे. वय १८ पूर्ण लागतं. विद्यार्थी पायलटचं लायसन्स १६ व्या वर्षी मिळतं. पदवी लागत नाही, पण घ्या. दूरस्थ पद्धतीनं का होईना. या धंद्यात रिकामे महिने येतात, तेव्हा दुसरी वाट उघडी असावी लागते.

मेडिकलमध्ये काय बघतात? चष्मा चालतो का?

चष्मा चालतो. चष्म्यानं नजर ६/६ व्हायला हवी, एवढंच. पण रंग ओळखता आले पाहिजेत. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला देतात, त्यात अडकलं की पुढची वाट फार अवघड होते.

माझी कळकळीची विनंती आहे: एक रुपयाही फी भरण्याआधी मेडिकल करा. माझ्यासोबत शिकायला आलेल्या एका मुलानं पहिला मोठा हप्ता भरला, वसतिगृहात राहायला आला आणि मग रंगांच्या चाचणीत अडकला. त्याच्या वडिलांनी त्या हप्त्यासाठी बैलजोडी आणि बाजूचा प्लॉट विकला होता. पाच मिनिटांची ती चाचणी आधी झाली असती तर दोन्ही वाचलं असतं.

आधी क्लास टू मेडिकल होतं. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, नेमलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. त्यानंतर क्लास वन, ज्याच्याशिवाय सीपीएल मिळत नाही. त्यात डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त, साखर, रक्तदाब सगळं तपासतात. चाळिशीच्या आत क्लास वन दरवर्षी नव्यानं करावं लागतं. म्हणजे ही नोकरी तब्येतीवर उभी आहे. एका वर्षीचा अहवाल बिघडला, तर पगार थांबू शकतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे. अनेक घरांत मूल वाहक असतं आणि कुणाला माहीतही नसतं. उंचावर ऑक्सिजन कमी होतो आणि सिकलसेलच्या पेशींवर त्याचा नेमका परिणाम होतो, म्हणून हवाई वैद्यक बघणारे डॉक्टर याकडे लक्ष देतात. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती करून अहवाल हातात घ्या आणि थेट डीजीसीएच्या डॉक्टरांना दाखवून विचारा. वाहक असणं आणि आजार असणं यात फार फरक आहे, तेव्हा गावातल्या कुणाच्या सांगण्यावरून स्वप्न सोडू नका आणि लपवूही नका.

एकूण खर्च किती? शेत गहाण ठेवून कर्ज मिळेल का?

भारतात सीपीएलचा खर्च राहणं-खाणं धरून ५० ते ६० लाखांच्या घरात जातो. काही ठिकाणी थोडा कमी, काही ठिकाणी जास्त. त्यानंतर एखाद्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे आणखी दहा-वीस लाख. प्रादेशिक कंपन्या कधीकधी ते स्वतः करून देतात आणि बदल्यात बाँड लिहून घेतात. मोठ्या कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम कोटीच्या आसपास जातात.

शेताचं म्हणाल, तर बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. कर्ज बुडालं तर बँकेला कोर्टात न जाता मालमत्ता ताब्यात घेता येते तो सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, हे त्यामागचं कारण. त्यांना बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव हवी असते. आमच्या वेळी यवतमाळचं छोटं घर तारण गेलं आणि मामा जामीन राहिला. शेत विकायची वेळ आली नाही, कारण आजोबांनी ते सातबाऱ्यावर तीन भावांच्या सामाईक नावावर ठेवलं होतं आणि एकट्या वडिलांना विकता येत नव्हतं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्या सहा एकरांनी आम्हाला वाचवलं.

हप्त्याचं गणित कागदावर करून बघा. ६० लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं: महिन्याला सुमारे ८१ हजार. शिकत असताना चढलेलं व्याज मुद्दलात मिळालं तर त्याहून जास्त. आता स्वतःला विचारा: लायसन्स मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही, तर हा हप्ता कोण भरणार? घरात या प्रश्नाला उत्तर असेल तर पुढे जा. उत्तर ‘लागेलच नोकरी’ एवढंच असेल, तर थांबा. माझ्या अनुभवात मुलं हुशारीत कमी पडत नाहीत, ती या एका प्रश्नात मोडतात.

शिष्यवृत्ती आहे का?

आहे, पण जागा फार थोड्या. इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी महाज्योती ही नागपूरची सरकारी संस्था पायलट प्रशिक्षणाची योजना राबवते आणि निवड झालेल्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण मिळतं. जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याण आणि आदिवासी विकास कार्यालयात जाऊन थेट विचारावं. जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तेच आडवं येतं.

शिकायचं कुठे? जवळ काही आहे का?

आहे, आणि आपल्याकडच्या लोकांनाच ते माहीत नसतं. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून उभी केलेली. नागपूरला सोनेगावात फ्लाइंग क्लब आहे. बेलोऱ्याला एअर इंडियानं मोठी प्रशिक्षण संस्था उभारायचं काम हाती घेतलं आहे. विदर्भाबाहेर बारामती, धुळे आणि उत्तर प्रदेशात फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी. या सरकारी अकादमीला स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची वर्गवारीही जाहीर करतं, ती बघा.

पण संस्थेचं नाव बघून ठरवू नका. तिथे जा आणि चहाच्या टपरीवर आता शिकत असलेल्या मुलांना गाठा. विचारा: गेल्या महिन्यात तू किती तास उडालास? विमानं किती आणि त्यातली उडणारी किती? शिकवणारे किती? सीपीएलला २०० तास लागतात. त्यात १०० तास स्वतः विमानाची सूत्रं सांभाळून, रात्रीचं उड्डाण, फक्त उपकरणांवरचं उड्डाण आणि ५४० किलोमीटरचा एक लांब पल्ला असतो. जिथे महिन्याला वीस तास मिळतात तिथे वर्षभरात होतं. जिथे सहा मिळतात तिथे तीन वर्षं जातात आणि तीन वर्षांचं व्याज व राहण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर. माझी जवळजवळ सव्वातीन वर्षं गेली. विमानं उभी होती, सुटे भाग येत नव्हते आणि फी मात्र सगळी आधीच भरलेली. म्हणून फी हप्त्यानंच द्या, उडालेल्या तासांच्या प्रमाणात. एकरकमी मागत असतील तर दुसरीकडे बघा.

परदेशात जायचं का, हेही विचारतात. अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत तास लवकर होतात, हे खरं. पण परत आल्यावर डीजीसीएच्या परीक्षा द्याव्याच लागतात आणि लायसन्स इथे बदलून घ्यावं लागतं. आधी इथे लेखी परीक्षा पास होऊन मग जावं.

माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी जमेल का?

जमेल. मी सातवीपर्यंत इंग्रजी वाक्य बोललेलं नव्हतं. लेखी विषय हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचं तंत्र असे आहेत. पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. गणित-भौतिकशास्त्र पक्कं असेल तर भाषा आड येत नाही. खरी कसोटी रेडिओच्या तोंडी परीक्षेत, आरटीआरमध्ये असते. तिथे इंग्रजी कमी आणि ठरलेली वाक्यं जास्त असतात, ती वेगानं, न चाचरता बोलावी लागतात. मी शेतात खत टाकताना मोठ्यानं बोलून सराव करायचे. बाजूच्या वावरातल्या काकू विचारायच्या, “काऊन वं, कोनाशी बोलून राह्यली?”

लायसन्स मिळालं की लगेच नोकरी लागते का?

नाही. एजंट सांगतो की देशाला हजारो पायलट हवेत. ते खोटं नाही, पण कंपन्यांना आधी हवे असतात अनुभवी कॅप्टन. दोनशे तासांचे नवे को-पायलट रांगेत असतात आणि भरती लाटेसारखी येते. दोन वर्षं भरभरून, मग दोन वर्षं शुकशुकाट. मला लायसन्सनंतर बावीस महिने थांबावं लागलं. त्या काळात मी दारव्ह्याला बारावीच्या मुलांची भौतिकशास्त्राची शिकवणी घेतली.

थांबायच्या काळात लायसन्स आणि उपकरणांवरच्या उड्डाणाचं रेटिंग जिवंत ठेवा. पुढे कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याच्या लेखी परीक्षा याच वेळात देऊन टाका. नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशानं टाइप रेटिंग करू नका. मी अशी चार मुलं बघितली आहेत ज्यांनी वीस-वीस लाख घालून एका विमानाचं रेटिंग घेतलं आणि बोलावणं आलं ते दुसऱ्याच विमानासाठी.

निवडीत लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट) आणि मुलाखत असते. मुलाखतीत हवामानावर हमखास विचारतात. वैशाखात विदर्भात दुपारनंतर ढग कसे उठतात हे आपण लहानपणापासून बघितलेलं असतं. ते नीट सांगा, पुस्तकी व्याख्येपेक्षा चांगलं उतरतं.

पगार किती?

प्रादेशिक कंपनीत नव्या को-पायलटला महिन्याला लाख-दीड लाखाच्या आसपास, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यांत त्याहून बराच कमी. पगाराचा एक भाग ठरलेला आणि एक उडालेल्या तासांवर असतो, म्हणून ज्या महिन्यात विमान दुरुस्तीला जातं त्या महिन्यात हातात कमी येतं. वरचं ८१ हजारांचं गणित याच्या शेजारी ठेवून बघा. कॅप्टन झाल्यावर पगार कित्येक पटीनं वाढतो. पण कॅप्टन व्हायला एटीपीएल हवं आणि त्याला किमान १५०० तास. तिथपर्यंतची तीन-चार वर्षं घट्ट असतात.

दिवस कसा असतो?

पहाटे साडेतीनला उठणं, पाचच्या आधी विमानतळावर. आधी श्वासाची चाचणी. दारूचा अंशही चालत नाही. पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. अल्कोहोल असलेलं माउथवॉश किंवा औषधसुद्धा घ्यायचं नाही. आपल्याकडे लग्नात, सणाला मोहाची दारू घरचीच समजली जाते आणि ‘एक घोट घे’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणं कठीण जातं. पायलटला ते म्हणावंच लागतं, दरवेळी.

मग हवामान, इंधन, वजन याचे कागद. प्रादेशिक कंपनीत दिवसाला चार, कधी सहा उड्डाणं असतात, एकेक तासा-सव्वातासाचं. जेटचा पायलट दोनदा उतरतो त्या वेळात आम्ही चारदा उतरतो. म्हणून इथे हात लवकर तयार होतो. छोट्या विमानतळांवर मोठ्या शहरासारखी साधनं नसतात, धावपट्टी डोळ्यांनी शोधून उतरायचं असतं. माझ्या मते हीच या नोकरीची खरी कमाई आहे आणि ती पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही.

मे महिन्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो आपला महिना आहे. नवतपात नागपूरला पारा ४५-४६ वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि धावायला जास्त धावपट्टी लागते. मग वजन कमी करावं लागतं. कधी सामान मागे ठेवतो, कधी प्रवासी. दुपारी दोनला जमिनीवर उभ्या विमानात बसून हा हिशेब करताना घामानं कागद ओले होतात. वर गेल्यावर तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमान हलवत राहतात. चौथ्या उड्डाणाला शरीर थकलेलं असतं आणि उतरणं पहिल्याइतकंच अचूक हवं असतं.

थकव्यासाठी नियम आहेत. डीजीसीएनं २०२४ मध्ये आणलेल्या आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं लागू झालेल्या नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली आहे. वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. थकलेलं असताना ‘मी आज उडू शकत नाही’ असं सांगायचा हक्क पायलटला आहे. तो पहिल्या वर्षी वापरायला फार धीर लागतो. तरी वापरा.

कंपनी बंद पडली तर?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात आधी विचारायला हवा. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. या तर मोठ्या होत्या. ज्यांच्याकडे चार-पाच विमानं असतात, त्या कंपनीत दोन विमानं भाड्याच्या वादात उभी राहिली की अर्धं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, रिकामं होतं.

प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे कोरडवाहू शेती आहे, हे मी वडिलांना असं समजावलं आणि त्यांना एका वाक्यात कळलं. अनुदान, इंधनाचा भाव, विमानाचं भाडं हा तिचा पाऊस. चांगला झाला तर घर भरतं, नाही झाला तर पेरलेलंही जातं. मोठी कंपनी ओलिताची, पण विहीर तिचीही आटते.

माझी पहिली कंपनी बंद पडली. आधी पगार दहा दिवस उशिरा, मग महिनाभर, मग अर्धा. शेवटचे चार महिने काहीच नाही, आणि आम्ही उडत राहिलो, कारण तास मोडू नयेत एवढीच आशा होती. मग एका रात्री निरोप आला की उद्यापासून येऊ नका. राहिलेला पगार आजवर मिळालेला नाही. अकरा महिने मी घरी होते. त्या अकरा महिन्यांत बँकेचे हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून आणि कापसातून गेले. आई एकदाही काही बोलली नाही, फक्त कापूस वेचायला मजूर लावणं बंद केलं आणि स्वतः जाऊ लागली.

यातून शिकलेलं सांगते. पहिल्या पगारापासून सहा हप्त्यांएवढे पैसे वेगळे ठेवा, मोटारगाडी नंतर घ्या. पगार दुसऱ्यांदा उशिरा झाला की दुसरीकडे अर्ज करायला लागा, लाज बाळगू नका. नोकरीला लागण्याआधी विचारा: विमानं किती आहेत, त्यातली आज उडणारी किती, किती मार्ग अनुदानावर आहेत आणि कुठल्या मार्गाचं अनुदान केव्हा संपतं. मुलाखतीत विचारायला संकोच वाटत असेल तर तिथल्या को-पायलटांना विचारा, ते सांगतात.

बाँड आणि नोटीस काय असतं?

कंपनीनं टाइप रेटिंग करून दिलं तर काही वर्षं तिथेच राहायचा करार करून घेतात, मध्येच सोडलं तर पैसे भरायचे. शिवाय डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. मनात आलं आणि सोडलं, असं होत नाही. करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा. दारव्ह्याच्या, पुसदच्या कोर्टातला साधा वकीलही त्यातली अडचणीची ओळ दाखवू शकतो.

एटीआरवर गेलं की पुढे जेट मिळत नाही, हे खरं का?

खरं नाही. माझ्यासोबतचे अर्धे लोक आज एअरबस उडवतात. नवं टाइप रेटिंग करावं लागतं, पण तास तुमचेच राहतात. उलट एटीआरवर लवकर कॅप्टन होता आलं, तर विमानाची सूत्रं सांभाळल्याचे ते तास फार मोलाचे. मी मात्र इथेच राहिले आहे. मला हे विमान आवडतं, आणि आपल्या माणसांना पहिल्यांदा विमानात चढताना बघणं मला सोडवत नाही.

गावात राहून ही नोकरी करता येते का?

नाही. बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, हैदराबाद, दिल्ली, बेंगळुरू, गोवा अशा शहरांत असतो आणि स्टँडबायच्या दिवशी बोलावल्यावर तासाभरात विमानतळावर पोहोचावं लागतं. सुट्टीची खात्री नसते. माझे सलग तीन पोळे चुकले.

मुलींना हे क्षेत्र कसं आहे?

भारतात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास. कॉकपिटमध्ये मला कुणी कमी लेखल्याचं आठवत नाही. अडचण गावाकडे येते. “एवढ्या पैशात दोन लग्नं झाली असती,” असं माझ्या वडिलांना भर पंगतीत ऐकवलं गेलं. ते म्हणाले, “लग्न तिचं ती करन, हे माह्यं काम हाय.” मुलीचे वडील हे वाचत असतील तर एवढंच सांगते: कर्जाचं गणित मुलगा असता तर जसं केलं असतं तसंच करा. त्याहून कडक नको, सैलही नको.

अपघाताची भीती वाटत नाही?

दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडल्याचा, आग लागल्याचा सराव करून घेतात. भीती असते, पण तिच्याकडून काम करून घ्यायची सवय लागते. आजी अजूनही मी उडणार असेन त्या दिवशी देवापुढचा दिवा विझू देत नाही.

पायलट नाही जमलं तर विमान क्षेत्रात दुसरं काही?

भरपूर आहे आणि खर्च कितीतरी कमी. विमान देखभालीचा अभियंता होण्यासाठी डीजीसीएमान्य अभ्यासक्रम आहेत, नागपूरला मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं मोठं केंद्रही आहे. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी किंवा अभियांत्रिकी केलेल्यांना हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते, ती सरकारी नोकरी आहे. ज्या घरात हप्त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथल्या हुशार मुलाला मी आधी ही वाट दाखवते.

तुमचं विमान आपल्या गावावरून जातं का?

हे लहान मुलं विचारतात. अगदी गावावरून नाही, पण मुंबईहून विदर्भाकडे येताना जवळून जातं. को-पायलट असताना मी उजव्या खुर्चीत बसायचे. आकाश स्वच्छ असलं की उजव्या खिडकीतून लोणारचा गोल दिसायचा, थोड्या वेळानं कारंज्याजवळ समृद्धी महामार्गाची सरळ रेघ, आणि तिच्या पलीकडे दक्षिणेला कुठेतरी आपलं वावर. आता मी कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसते, त्यामुळे हे सगळं मला परतीच्या वाटेवर दिसतं.